पाचवं नख

त्या मुलखात जमीन कुणाचीच नव्हती, पण बिळं मात्र ज्याची त्याची होती. ज्याचं बीळ अंगापेक्षा मोठं, तो उरलेली खोली भाड्यानं देई, आणि देऊन झाली की झोप गमावून बसे. म्हणून जुन्याजाणत्यांनी एक रीत घालून दिली होती. भाडेकरूनं अकरा चंद्र राहावं. बारावा उगवण्याआधी सगळं चंबूगबाळं घेऊन बाहेर यावं आणि एक अख्खा दिवस दारासमोर उघड्यावर बसावं. तेवढ्यात मालकानं दाराला काटेरी फांदी लावली तर निघून जावं, नाही लावली तर दिवस मावळल्यावर पुन्हा आत यावं. बारावा चंद्र आत काढला तर मातीला भाडेकरूचा वास लागतो आणि मग ती मालकाला ओळखेनाशी होते, असं म्हणत. माती खरंच विसरते का, हे कुणी पाहिलं नव्हतं. पाहण्याइतके दिवस कुणी कुणाला राहूच दिलं नव्हतं.

माळाच्या उतारावर साळू नावाच्या साळिंदरीचं बीळ होतं. नवरा होता तोवर दोघांनी मिळून खणलेलं. तो गेला आणि दोन खोल्या एकटीला सैल पडू लागल्या, कंद मात्र अपुरे पडू लागले. साळू देवभोळी होती. कोनाड्यात एक पांढरा गोटा देव म्हणून मांडलेला, त्याला रोज फूल. आणि एक नेम होता, सासूकडून आलेला. जेवायच्या आधी दारात उभं राहून तीनदा विचारायचं, "दारी कुणी उपाशी आहे का?" उत्तर आलं तर पहिला घास त्याचा. नाही आलं तर देवाचं नाव घेऊन आपलं पान वाढून घ्यायचं.

तिची पहिली भाडेकरीण घूस. बोलायला मधाळ. "वहिनी, तुमच्यासारखी मालकीण मिळायला पुण्य लागतं हो," असं येताजाता म्हणायची आणि दर पुनवेला सात कंद न मागता आणून द्यायची. अकरा चंद्र भरले, ती गेली, आणि तिच्या खोलीतून साळूच्या कोठारापर्यंत नेलेला एक सुबक बोगदा सापडला. इतके दिवस साळूला भाडं मिळत होतं ते साळूच्याच कोठारातून.

त्या दिवसापासून साळूच्या पाठीवरचे काटे पुरते खाली बसले नाहीत. तिनं बोगदा बुजवला. कोठार गुपचूप देवाच्या कोनाड्यामागे हलवलं. मग एकवेळचा उपास धरला आणि गोट्यापुढे हात जोडून म्हणाली, "देवा, मला भला भाडेकरू पाठव."

देवानं घोरपड पाठवली.

"घोरपड?" शेजारची टिटवी किंचाळली. आभाळ कोसळलं तर कुणीतरी धरायला हवं म्हणून ही टिटवी पाय वर करून झोपत असे, आणि मुलखातली प्रत्येक वाईट बातमी आधी तिला कळे. "अगं बये, शुद्धीवर आहेस ना? घोरपडीनं एकदा धरलं की सुटतं का? ओढून ओढून तुझे हात गळतील, पण ती नाही सुटायची!"

साळूला हे कळत होतं. पण कोठारात कंद थोडे उरले होते आणि सुकाळाचे दिवस सरत आले होते. तिनं अटी सांगितल्या. सात कंद, दर पुनवेला. एका खोलीत एकच डोकं. अकरा चंद्र. आणि अनामत.

अनामत म्हणून अशी वस्तू ठेवायची रीत होती, जी सोडून पळणं जिवावर येईल. घोरपडीजवळ वस्तूच नव्हती. तिनं उजव्या पंजाचं पाचवं नख दातांनी उपटलं आणि साळूपुढे ठेवलं. साळूनं ते देवाच्या गोट्याशेजारी नेऊन ठेवलं आणि तोंडातल्या तोंडात देवाची क्षमा मागितली.

घोरपड पुनवेच्या पुनवेला सात कंद आणून उंबऱ्यावर ठेवी. साळू त्यांचे वाटे करी. तीन खायला, दोन दुष्काळाला, एक बिळाच्या डागडुजीला, एक देवाच्या नावानं. घोरपड "येते" एवढंच म्हणून आत जाई. घूस गोड बोलायची, ही बोलायचीच नाही. यातलं भय कशाचं जास्त, ते साळूला ठरवता येईना.

साळू दिवसा झोपणारी, घोरपड दिवसा वावरणारी. तिसऱ्या चंद्रात एका दुपारी साळूला भिंतीपलीकडे खरवडल्याचा आवाज आला. ती उठून बसली. काटे ताठ. बोगदा! तिनं पाठीवरचा एक काटा उपसला, दोन खोल्यांमधल्या भिंतीत घुसवून फिरवला आणि भोकाला डोळा लावला. पलीकडे काळोख होता आणि काळोखात काहीतरी हलत होतं. दुसऱ्या दिवशी भोक बंद! साळूनं शेजारी दुसरं पाडलं. तेही बंद.

त्या पुनवेला कंद ठेवताना घोरपड पहिल्यांदाच दोन वाक्यं बोलली. "साळूबाई, तुमच्या भिंतीला भोकं पडतायत. किडा लागला असेल, मी बुजवत जाईन, तुम्ही काळजी करू नका."

साळूचे कान तापले. "जुनी भिंत आहे," ती कशीबशी म्हणाली. खोलीत आल्यावर मात्र तिला वाटलं, हिला सगळं ठाऊक आहे आणि ही मला टोमणा मारतेय. आपण पकडले गेलो की समोरचाच चोर दिसू लागतो. तिनं त्याच दिवशी तिसरं भोक पाडलं.

"बुजवते म्हणजे लपवते," टिटवीनं निवाडा दिला. "आणि तिच्या दाराशी ताजी माती पडलीय, पाहिलीस? काहीतरी पुरतेय ती. घुशीनं बोगदा खणला, ही खजिना पुरतेय. सगळी जात मेली सारखी!"

"तिनं भाडं चुकवलं नाही गं," साळू हळूच म्हणाली.

"घुशीनं तरी कुठं चुकवलं होतं?"

पुढच्या चंद्रांत तिनं पुष्कळ भोकं पाडली. काट्यांची एक रांग पाठीवरून नाहीशी झाली. नेमाचा प्रश्न ती विचारत होती, पण दाराबाहेर घोरपड मावळतीचं ऊन खात असे. तिनं "मी आहे" म्हटलं तर? घास द्यावा लागेल, घासाबरोबर कोठार कुठं आहे तेही कळेल. म्हणून तिनं आवाज थोडा उतरवला. मग आणखी उतरवला. नवव्या चंद्रात ती दारापर्यंतही जाईना, गोट्यापुढेच पुटपुटायची. दहाव्यात नुसते ओठ हलायचे. नेम मोडला नव्हता. ऐकू जात नव्हता, इतकंच.

अकरावा चंद्र सरत आला तेव्हा घोरपड मालकिणीच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"आठ दिवस जास्त द्या, साळूबाई. चौदा कंद देते."

"कशाला हवेत?"

घोरपडीनं मान खाली घातली. "ते सांगता येत नाही. सांगितलं तर तुमची अट मोडते."

"आलं का वळणावर!" वरून टिटवी ओरडली. "आज आठ दिवस, उद्या आठ पिढ्या! चौदा कंद कुणी उगाच देतं का गं? नाही म्हण, साळू, नाही म्हण!"

चौदा कंदांनी दुष्काळाचा सबंध महिना निघाला असता. पण त्या आकड्यानंच साळूचा संशय वाढवला. भिंतीपलीकडे असं काय आहे, की त्याच्या आठ दिवसांची किंमत चौदा कंद?

"रीत ती रीत," ती म्हणाली. "उद्या बाहेर."

दुसऱ्या दिवशी सकाळी साळूनं शेवटचं भोक पाडून पाहिलं. काही दिसलं नाही. दिवस वर आल्यावर घोरपड बाहेर आली. चंबूगबाळं असं काहीच नव्हतं. ती दारासमोरच्या मुरमावर बसली. ओढावं लागलं नाही. धरायला कुणी टोळी आणावी लागली नाही. फक्त तिची नजर बिळाच्या तोंडावरून हलत नव्हती.

"आता काटेरी फांदी लाव दाराला!" टिटवी म्हणाली.

"आधी नुकसान बघते," साळू म्हणाली आणि आत शिरली.

खोली झाडून स्वच्छ केलेली होती. बोगदा नव्हता. साळूनं चारही कोपरे हुंगले. मग ती मधल्या भिंतीकडे वळली आणि थबकली. भिंतीवर मातीची बुचं होती, काट्याएवढ्या रुंदीची, एकाखाली एक. तिनं मोजली. अठ्ठावीस. प्रत्येक बूच ओल्या मातीनं भरून वरून पंजानं सारखं केलेलं, आणि प्रत्येकावर ओरखडे उमटलेले. चार चार. कुठंच पाच नव्हते.

एकोणतिसावं भोक उघडं होतं, सकाळचंच. त्यातून उजेडाची काडी आत आली होती. साळूनं त्याला या बाजूनं डोळा लावला.

तिला तिचीच खोली दिसली. पांढरा गोटा, त्यावरचं फूल, शेजारी वाळलेलं नख. आणि गोट्यामागे, घुशीनंतर कुणालाही न सांगता हलवलेलं तिचं कोठार, कंद मोजता यावेत इतकं स्पष्ट. ती जेवायला बसायची ती जागाही दिसली. नुसते ओठ हलवायची ती जागाही.

मग पायाखालची माती हलली.

काटे सवयीनं उभे राहिले. माती पुन्हा हलली, उलली, आणि तिच्यातून अंड्याच्या फाटक्या कवचासकट एक ओलसर, बोटभर पंजा वर आला. पाचही नखं शाबूत. तो हवेत चाचपडला आणि हाताला पहिलं जे लागलं ते त्यानं घट्ट धरलं. साळूच्या पाठीचा, शेपटीकडचा काटा. शेजारी माती आणखी एका जागी हलू लागली.

"साळू! अगं फांदी लाव!" बाहेरून टिटवी ओरडत होती. "दिवस मावळला की मग रडत येऊ नकोस माझ्याकडे!"

साळू हलली नाही. आधी तो एक काटा, मग त्याच्या शेजारचे, असे पाठीवरचे उरलेले काटे हळूहळू खाली टेकले. पिल्लाची पकड सुटली नाही. तिनं दाराकडे तोंड केलं, घसा खाकरला, आणि सासू विचारायची तसं, साऱ्या उताराला ऐकू जाईल असं विचारलं,

"दारी कुणी उपाशी आहे का?"

दुसऱ्यांदा विचारण्याआधीच दारातल्या मुरमावर नखं वाजली.