दुपारी झोपणारी विहीर

फार जुन्या काळी, होड्यांना शिडं होती आणि माणसांना सवड होती तेव्हा, समुद्रात एक लहानसं बेट होतं. बेटावर गोड्या पाण्याची एकच विहीर. सकाळी पाणी भरून झालं, की गाव तिच्यावर झावळ्यांचा झाप टाकी आणि म्हणे, "विहीर झोपली." मग दुसऱ्या सकाळपर्यंत कोणी पोहरा सोडायचा नाही. तिला झोपू दिलं नाही, तर खालून समुद्र आत शिरतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

तिथे एक पांथशाळा होती. मालक सोन्यासारखा माणूस, पण पाहुण्याला 'नाही' म्हणायचं त्याच्या जिवावर यायचं. एकदा दूरदेशीचे पाहुणे आले. त्यांना उकडलं. त्यांनी तीनतीनदा आंघोळ मागितली. मालक रोज भर दुपारी झाप बाजूला सारू लागला. पाहुणे खूश, मालक त्याहून खूश!

काही दिवसांनी घरोघर भांडणं जुंपली. "पेज खारट! मीठ दोनदा टाकलंस," सासू म्हणे. "मी तर टाकलंच नाही," सून म्हणे. भांडतभांडत सगळं गाव विहिरीवर आलं. पाणी चाखलं, तर विहीरच खारट! विहीर अशीच राहिली, तर बेट सोडून जावं लागणार होतं.

मालक रडकुंडीला आला. "चूक माझीच. पण आलेल्या पाहुण्याला नाही कसं म्हणू?"

"तुला नाय जमत? मी म्हणते," गावातली थोरली कोळीण पदर खोचत म्हणाली. ती तडक पांथशाळेत गेली आणि तिने पाहुण्यांना सगळं सांगून टाकलं. "विहीर आजारी हाय, तिला झोपू द्या. ती बरी होईस्तोवर शहाळी प्या, आमच्या घरी पावसाच्या पाण्याचे रांजण हायेत, त्यातलं प्या. आंघोळ दर्यात करा. वर गोड्या पाण्याचा एक तांब्या, तोही केळीच्या बुंध्याशी उभं राहून, म्हणजे ते पाणी केळीला मिळेल."

एक लठ्ठ व्यापारी कुरकुरला, "तांब्याभर पाण्यात माझं काय भिजणार?"

"दर्यात मावाल की, शेठ!"

सगळे खो खो हसले, व्यापारीसुद्धा. दोघेतिघे रागावून पहिल्या होडीने निघून गेले. बाकीचे राहिले. व्यापारी कोळ्यांबरोबर लाटांत डुंबू लागला, त्यांच्या रांजणातलं पाणी पिऊ लागला. रोज सकाळी गावाबरोबर विहिरीवर जाऊन तोही पाणी चाखायचा आणि तोंड वाकडं करून परतायचा.

असं करता करता एका सकाळी कोळिणीने ओंजळ तोंडाला लावली आणि आनंदाने ओरडली, "गोडं झालं!"

मालकाला काय करू नि काय नको असं झालं. पहिली घागर घेऊन तो धावतच व्यापाऱ्याकडे गेला. "शेठ, आता मनसोक्त आंघोळ करा!"

व्यापाऱ्याने घागर हळूच मागे सारली. "आधी गावाची पेज शिजू दे रे. मी चाललो समुद्रावर."

मुलांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: पाहुण्याला घरातलं सुख वाढलं तर तो खूश होतो, घरातली काळजी सांगितली तर तो घरचा होतो.