मुसळाचा श्वास

राजाचे निरोप माणसांच्या पायांवर धावत, त्या फार फार जुन्या काळची ही गोष्ट.

एका नगरात एक कांडणारीण राहत होती. दारोदार लोकांचे भात कांडायचे आणि मिळतील त्या कण्यांवर लेकाला वाढवायचे, एवढेच तिचे जग. लेकाचे पाय मात्र हरणाचे! राजाला नवा जासूद हवा होता, निरोप घेऊन धावणारा. तो निवडायला त्याने डोंगर चढायची शर्यत ठेवली होती. 'आपण जासूद झालो की आईच्या हातचं मुसळ सुटेल,' म्हणून लेकाने डोंगराच्या शर्यतीत उतरायचे ठरवले.

पण चढ लागला की त्याची छाती धडधडू लागे आणि तो मटकन खाली बसे.

आई हसली. "अरे, मी दिवसभर कांडते, बसते का कधी? मुसळ वर जाताना श्वास घ्यायचा, खाली येताना सोडायचा. तू चार पावलं श्वास घे, सहा पावलं सोड. काळीज उधळलं तर छातीवर हात ठेव आणि श्वास आणखी सावकाश सोड. ते आपसूक ताळ्यावर येतं."

महिनाभर ती मुसळाचा ठोका देई आणि तो अंगणाला फेऱ्या घाली. शर्यतीत त्याने भल्याभल्यांना मागे टाकले.

राजा खूश झाला. "श्वासावर एवढा ताबा! गुरू कोण रे तुझा?"

गर्दीत आई उभी होती. केसांत भाताचा कोंडा, लुगड्याला ठिगळ. भोवती सगळी रेशमी पागोटी. लेकाने आईवरून नजर काढली.

"रानातला एक साधू, महाराज."

"आणि तुझ्याकडे बघून डोळे पुसतायत त्या बाई?"

"ती... आमच्या आळीतली कांडणारीण आहे."

आईने पदर पुढे ओढला आणि ती वळून चालू लागली.

"उद्या पाहुण्यांसमोर पुन्हा डोंगर चढून दाखव," राजा म्हणाला. "मग जासुदाचा पट्टा तुझा."

घरी आईने काही विचारले नाही. शेवटची भाकरी रोजच्यासारखी त्याच्याच ताटात वाढली. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरे, असे त्याला वाटले.

दुसऱ्या दिवशी चढ लागला, छाती धडधडली. त्याने हात ठेवला, पावले मोजू लागला. पण आकडे आईच्याच आवाजात येत होते. शरमेने त्याचे कान तापले, मोजणी चुकली, श्वास तुटला. अर्ध्या चढावर तो बसला तो उठलाच नाही.

त्याला राजासमोर आणले. मान वर होईना.

"महाराज, साधू कुणी नव्हताच. ती कांडणारीण माझी आई. तिनंच शिकवलं. काल मला तिची लाज वाटली, आज माझी वाटते."

राजा म्हणाला, "खरं बोललास, म्हणून शिक्षा नाही. पण जासुदाला नुसतं धावून भागत नाही. निरोप कुणाचा, ते खरं सांगावं लागतं. पट्टा दुसऱ्याला मिळेल."

आईचे मुसळ सुटले नाही. पण त्या दिवसापासून एका उखळात दोन मुसळे पडू लागली. लेकाच्या दमाचे कुणी कौतुक केले की तो खाली मानेने म्हणे, "आईनं शिकवलंय."

तात्पर्य: शिकवणाऱ्याची लाज धरली, तर त्याची विद्या ऐन वेळी साथ सोडते.