चिबडाचा उंबरठा

एका गावात एक पाथरवट होता आणि त्याचं घर गावात सगळ्यात खालच्या अंगाला होतं. त्याचं नाव सटवाजी. घरासमोर चिबड होतं, म्हणजे बारा महिने ओली राहणारी पाणथळ जमीन. तिथे लव्हाळा माजायचा, पाणकोंबड्या पिलं घेऊन हिंडायच्या आणि बेडूक असे ओरडायचे, की शेजारच्या माणसाशी बोलायलाही घसा ताणावा लागे.

सटवाजीच्या दाराला काळ्या दगडाचा उंबरठा होता. लग्नाआधी त्यानं तो स्वतः घडवला होता. त्याची बायको भिवरा नवरी होऊन आली ती त्याच उंबरठ्यावरचं माप ओलांडून. ती रोज त्याला हळदीकुंकू लावायची. पण पाण्याला त्याचं काय! आषाढात झड लागली की चिबड भरायचं, पाणी उंबरठा चढून आत यायचं आणि थेट चुलीत जाऊन बसायचं. भिवरा पिठाची परात घेऊन खाटेवर चढायची आणि म्हणायची, "अहो, पाहुणे आले. पाट मांडा!"

सटवाजी हसायचा, पण बायकोची चूल आपल्याला कोरडी ठेवता येत नाही, हे त्याच्या मनाला फार लागायचं.

एके वर्षी आठ घरांत पाणी शिरलं. पाटलांनी गाव जमवलं. चिबडापासून ओढ्यापर्यंत चर काढायचा, असं ठरलं. मध्ये खडक होता, म्हणून काम सटवाजीकडे आलं.

लव्हाळ्याच्या चटया विणणारी म्हातारी कोंडाई त्याला म्हणाली, "वरचं पाणी जाऊ दे बाबा, पण चिबडाचं बूड फोडू नकोस. गावच्या विहिरी त्याच्यावरच जगतात."

"बघतो, आजी," सटवाजी म्हणाला. पण छिन्नी हातात आली आणि इतक्या पावसाळ्यांचा राग उफाळून आला. दारांचे उंबरठे घडवायची सवय, म्हणून चराची रुंदी त्यानं बरोब्बर दाराएवढी धरली. खोलीला मात्र काही धरबंधच ठेवला नाही. गुडघाभर पुरे होतं, तिथे तो कमरेपर्यंत खाली गेला. एकदाची कटकट मिटू दे, म्हणाला.

पुढच्या पावसाळ्यात चूल एक दिवसही विझली नाही. भिवरानं पुरण घातलं, आख्ख्या आळीला जेवायला बोलावलं. सटवाजीला काय आनंद झाला म्हणून सांगू!

पण दिवाळी सरली आणि चिबडाला भेगा पडल्या. लव्हाळा वाळला. पाणकोंबड्या कुठे गेल्या कोण जाणे. होळीला विहिरींचे तळ दिसले. भिवरा कोसभर लांबून पाणी आणू लागली. एक दिवस डोक्यावरची घागर उतरवून ती ओसरीवर टेकली आणि मान चोळत म्हणाली, "अहो, चुलीतलं पाणी गेलं ते बरं झालं. पण घागरीतलंही गेलं की हो."

सटवाजीला कोंडाईचे शब्द आठवले.

गावात लोक म्हणत होते, देव कोपला. सटवाजीवर कुणाचाच संशय नव्हता. गप्प राहिला असता तर चूल जन्मभर कोरडी राहिली असती. पण तो उठला आणि चावडीवर गेला.

"पाटील, देवाला कशाला बोल लावता? चर मीच जास्त खोल काढला. रागाच्या भरात."

"मग बुजवून टाक!" वरची आळी ओरडली.

"बुजवला तर आम्ही बुडू!" खालची आळी ओरडली.

"बुजवायचाही नाही आणि असा ठेवायचाही नाही," सटवाजी म्हणाला. "चराचा तळ थोडा भरून वर उंबरठा बसवतो. दगडाखालचं पाणी चिबडाचं, दगडावरचं ओढ्याचं. फक्त मोठ्या पावसात एका घरात पाणी येईल."

"कुणाच्या?" पाटलांनी विचारलं.

"माझ्या. मी माझं जोतं उचलून घेतो."

"आणि आम्ही काय हात बांधून बघत बसू?" कोंडाई कडाडली.

दुसऱ्या दिवशी दोन्ही आळ्या मुरमाच्या पाट्या घेऊन सटवाजीच्या दारात हजर. जोतं उचलताना जुना उंबरठा निघाला. मृग तोंडावर आलेला, नवा दगड घडवायला वेळ नव्हता, आणि चर तर दाराच्याच मापाचा. सटवाजी एकदा दगडाकडे बघे, एकदा भिवराकडे.

"न्या," भिवरा म्हणाली. "पण थांबा जरा."

तिनं दगडाला हळदीकुंकू लावलं, त्याच्यावरून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले होते. "इतकी वर्षं दारात बसून तुला पाणी अडवता आलं नाही, लबाडा," ती म्हणाली. "आता तिथे तरी नीट काम कर."

आषाढ आला. झड लागली. पाणी चरातल्या दगडापर्यंत चढलं, वरून सांडलं आणि ओढ्याला गेलं. एका मोठ्या पावसात ते सटवाजीच्या अंगणात शिरलं, नव्या जोत्याची एक पायरी चढलं आणि तिथेच थांबलं. बेडकांनी असा कालवा केला, की भिवराला जेवायला हाक मारायलाही दारात यावं लागलं.

"पाहुणे आलेत," पायरीवर बसलेला सटवाजी म्हणाला.

"बसू द्या अंगणात," भिवरा म्हणाली. "आपली भाकरी फुगलीय. तुम्ही चला."

तात्पर्य: पाणी घरात घेऊ नये, पण गावाबाहेरही हाकलू नये, त्याची हद्द ठरवावी, आणि ठरवणाऱ्यानं झीज आधी स्वतः सोसावी.