कैतानची शेळी आणि अकरा झावळ्या

राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी आमच्या सांडवलीत याल, तर एक गंमत दिसेल. भर दुपारी माणसं रिकाम्या हातांनी वाटेने चाललेली असतात, चेहरे असे, जणू दात काढायला निघालीत, आणि परतताना प्रत्येकाच्या हातात एक वाळकी झावळी. वसईकडच्या इतर गावांत लोक आपापल्या घरची झावळी चर्चमध्ये नेऊन देतात. आमच्याकडे ज्याच्याशी बोलणं टाकलंय, त्याच्या दारात जाऊन त्याची झावळी मागून आणायची. तुम्ही शिकलेली माणसं, कारण विचारणारच. मी चौथीच्या पुढे गेलो नाही, त्यामुळे मला सगळं ठाऊक आहे. टेका त्या पायरीवर.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी फादर झावळ्यांना आशीर्वाद देतात. त्या आपण घरी नेतो आणि वर्षभर भिंतीवरच्या क्रुसामागे खोचून ठेवतो. पुढच्या वर्षी त्याच झावळ्या जाळून राख करतात, ती बुधवारी कपाळावर लागते आणि चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. एवढं कळलं की पुढचं कळेल.

फार पूर्वी इथे कैतान नावाचा एक माणूस होता, असं सांगतात. चर्चची घंटा वाजवायची, मेणबत्त्या लावायच्या आणि घरोघर फिरून झावळ्या गोळा करायच्या, हे त्याचं काम. उपवासात त्याचा हात धरणारा साऱ्या पट्ट्यात कोणी नव्हता. मासळी बंद, मटण बंद, ताडी बंद, नुसती मिठाची पेज. गावाने बुधवारी सुरू करावं, तर हा दोन दिवस आधीच सोमवारी सुरू करायचा आणि वाटेत भेटेल त्याला सांगायचा. त्याची बायको म्हणायची म्हणे, की उपवास ह्यांचा, शिव्या मात्र आम्ही खायच्या.

त्याचा धाकटा भाऊ फरसू कुंपणापलीकडे राहायचा. कुंपणात एक शेवगा होता. शेंगा कोणाच्या, यावरून दोघांचं वाजलं. शेवगा तिसऱ्या पावसाळ्यात उन्मळून पडला, भांडण उभंच राहिलं. कैतान उपवास चाळीस दिवस पाळायचा आणि अबोला वर्षाचे बारा महिने. झावळ्या गोळा करायला निघाला, की फरसूचं घर तेवढं गाळून पुढे जायचा. अशी अकरा वर्षं गेली.

त्या वर्षी मंगळवारी सकाळी त्याने साऱ्या गावच्या झावळ्या चर्चच्या पडवीत रचल्या आणि तो पेज प्यायला घरी गेला. परत येतो तर पडवीत त्याची स्वतःची शेळी उभी, आणि समोर चार देठं. झावळ्या खाल्ल्या म्हणून त्या शेळीला पुढे कोणी कापलं नाही, ती म्हातारी होऊन मेली, असं म्हणतात. उपवासकाळाचा फायदा झालेली ती पहिलीच.

पण कैतानच्या पायाखालची जमीन सरकली. उद्या सकाळी सारं गाव कपाळ पुढे करणार, आणि राख नाही. चुलीतली राख चालवून घ्यायला पाद्री तयार होईना. शेजारच्या गावांच्या झावळ्या आदल्याच दिवशी जळल्या होत्या. पाद्रीने विचारलं, "सगळ्या घरांतून आणल्या होत्यास ना?"

"सगळ्या," कैतान म्हणाला. मग म्हणाला, "एक घर सोडून."

"मग त्या घरी जा," पाद्री म्हणाला, आणि प्रार्थनेचं पुस्तक उघडून बसला.

चर्चपासून फरसूचं घर विडी ओढून होईल एवढ्या अंतरावर. कैतानला तिथे पोचायला दुपार झाली म्हणे. चाळीस दिवस उपाशी राहणं त्याला सोपं होतं. ते दार वाजवणं जमत नव्हतं. दोनदा तो कुंपणापर्यंत येऊन परत फिरला. तिसऱ्यांदा दार आतूनच उघडलं. फरसू बघत होता, मजा घेत होता की काय, देव जाणे.

कैतान काही मागायच्या आतच फरसू आत गेला आणि क्रुसामागून जुडी काढून घेऊन आला. अकरा वर्षांच्या अकरा झावळ्या, सुतळीने एकत्र बांधलेल्या. आशीर्वादाची झावळी टाकून देता येत नाही, आणि न्यायला तर कोणी आलं नव्हतं.

"दरवर्षी काढून ठेवायचो, दादूस," फरसू म्हणाला. "म्हटलं, यंदा येशील."

कैतानने हात पुढे केला, पण फरसूने जुडी सोडली नाही. "जेवून जा," तो म्हणाला.

आता आली पंचाईत. उपवासाआधीचा शेवटचा दिवस, घरात डुकराच्या मटणाचा वास दरवळत होता. आणि कैतानचा उपवास तर सोमवारपासून, गावभर सांगून झालेला. तो उंबऱ्यावर उभा राहिला. ताटाकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. मग चपला काढल्या आणि भावाशेजारी जाऊन बसला. तीन भाकऱ्या खाल्ल्या. चौथी मागून घेतली. जुने लोक सांगतात, की कैतानने आयुष्यातला पहिला खरा उपवास त्या दुपारी पोटभर जेवून केला.

अकरा झावळ्यांची राख साऱ्या गावाला पुरली. बुधवारी दोघे भाऊ एका रांगेत उभे होते, आणि कैतान त्या वर्षी कोणाला पेजेबद्दल बोलला नाही. त्याच्या बायकोलाही उपवासकाळ तेव्हा कुठे गोड लागला.

आजही आमच्या गावात नुसती झावळी कोणी देत नाही. आधी पाट मांडतात, वाढतात, मग देतात. ज्याचं वर्षभर कोणाशी वाजलं नाही, त्याची फार ओढाताण होते. असे लोक पंधरा दिवस आधी एखादं भांडण उकरून काढतात, शक्यतो जिथे स्वयंपाक चांगला असतो तिथे. पण सगळीच भांडणं काही अशी नसतात. काही जण वाटेवरून परत फिरतात. त्यांच्या वाटणीची झावळी ते घर जपून ठेवतं, पुढच्या वर्षीही, त्याच्या पुढच्याही. आणि मंगळवारी रात्री सगळ्या एकत्र जळल्या, की बुधवारी कपाळावरची राख कोणाच्या घरची, हे फादरनाही सांगता येत नाही.