विदीफर्डची पाण्यातली सभा

वाळुंजांच्या मधून वाहणारी ही नदी दिसते ना, तिचा हा विदीफर्डचा उतार, म्हणजे पायी नदी ओलांडायची जागा. पाणी गुडघ्याएवढंच आहे, पण गार म्हणजे किती गार, हात घालून पाहा. इंग्लंडच्या या खेड्यापाड्यांत फार पूर्वी तालुक्याला हंड्रेड म्हणत. शंभर घरांचा मुलूख म्हणून हंड्रेड, असे सांगतात. घरं कुणी मोजली होती देव जाणे. दर महिन्याला हंड्रेडची सभा भरायची आणि पंच तंटे तोडायचे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथं पायरीही नव्हती, उघड्या आभाळाखालीच कोर्ट.

पलीकडच्या काठावर मिल्ड्रेड नावाची विधवा राहायची. दोन गाई आणि गवताचं एक कुरण, एवढाच तिचा संसार. शेजारच्या ओस्गार जमीनदाराने त्या कुरणात आपली गुरं घातली, आणि वर म्हणाला, कुरण माझंच. मिल्ड्रेड सभेपुढे गेली.

सभा पूर्वी या उतारावरच भरायची म्हणे. पण ओस्गारने वर टेकाडावर, ओकच्या सावलीत, बाकं टाकून दिली, बिअरचं पिंप ठेवलं, आणि सभा तिकडे सरकली. मग काय, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी! पंच तसे वाईट नव्हते हो, पण त्यांना बाकावरून उठवत नव्हतं. ओस्गार बोलायला उभा राहिला की पणजोबापासून गुऱ्हाळ लावायचा. सूर्य मावळला की सभा मोडायची आणि निवाडा पुढच्या महिन्यावर जायचा. असा अख्खा उन्हाळा गेला. इकडे ओस्गारची गुरं चरतच होती. गवत साठलं नाही तर हिवाळ्यात गाई मरणार, आणि गाईंमागून आपण, हे मिल्ड्रेडला स्वच्छ दिसत होतं. तिला ओस्गारचा राग होताच, पण पंचांचा त्याहून जास्त.

पानगळीतल्या सभेला ती टेकाडावर गेलीच नाही. सकाळीच घागरा खोचून उताराच्या मधोमध पाण्यात जाऊन उभी राहिली. तिचं नाव पुकारलं तेव्हा तिने तिथूनच ओ दिली. पंचांचा म्होरक्या, म्हातारा केनवर्ड, काठावर आला आणि बाई, वर ये म्हणाला.

"केनवर्डबाबा, सभा उतारावर भरते ना? उतार इथं आहे. मी सभेत उभी आहे. तुम्ही कुठे आहात?"

रीत तर तीच होती, आणि म्हातारा रीतीला भिऊन असायचा. त्याने बूट काढले आणि तो पाण्यात उतरला. बाकीचे पंच चडफडत मागोमाग आले. ओस्गार मात्र काठावरच राहिला. नवे बूट काढून त्या बाईच्या बरोबरीने पाण्यात उभं राहायचं? छे! त्याने तिथूनच पणजोबा सुरू केला. पंचांच्या पायांची लाकडं झाली होती. केनवर्डने हात वर केला.

"पाण्यात या, मग ऐकू."

ओस्गार आला नाही. मिल्ड्रेडने आपलं म्हणणं थोडक्यात मांडलं. पंचांनी शेजाऱ्यांना पाण्यात बोलावून विचारलं, तर जो तो म्हणाला, कुरण तिचंच. हे सगळ्यांना पहिल्यापासून माहीत होतं, विचारलं कुणी नव्हतं. सूर्य माथ्यावर यायच्या आत निवाडा झाला. ओस्गारची गुरं त्याच दिवशी निघाली, आणि भरपाई म्हणून त्याच्या गंजीतलं गवत मिल्ड्रेडच्या गोठ्यात पडलं.

तिला मात्र लोकांनी उचलून बाहेर काढलं. तिचे पाय पुढे कधी धड झाले नाहीत, असे सांगतात. कुणी हळहळलं तर म्हणायची म्हणे, "माझ्या गाई चालतात ना, पुरे झालं."

हंड्रेड गेले, जमीनदार गेले. आजही दर पानगळीत गावची एक सभा या उतारावर भरते. बोलायचं असेल त्याने, तो कितीही मोठा असो, बूट काढून पाण्यात यायचं. काठावरून कुणी घसा फोडून ओरडला, तरी गावाला ते ऐकू येत नाही.