पिराजीनं पान सरकवलं

एका गावात एक भोळा कोडवाला, म्हणजे संगणकाचं कोड लिहिणारा, होता. नाव पिराजी. वय चौतीस, बायको नाही, अक्कल तर नाहीच. कालिंदीमावशी गावात वधूवर मंडळ चालवायची. मंडळाची वेबसाइट पिराजीकडं.

मावशी म्हणाली, "वेबसाइटचं पान धड चालव, तुझंही लग्न जमवते. लोक मुलं बघायला येतात रे, माझा फोटो बघायला नाही. पान उघडलं की थेट खाली ने."

"बरं मावशी."

पिराजीनं कोड लिहिलं. पान उघडलं की धाडकन तळाला. तळाला लग्न झालेल्यांची यादी. एका मुलीचा बाप ओरडतच आला, "मावशी, तुमच्या सगळ्या पोरांना बायका आहेत की!"

"मेल्या," मावशी म्हणाली, "सुरुवात वरून करावी. आधी गणपती, मग स्थळं."

"बरं मावशी."

आता बोट लावलं रे लावलं की पान वर, गणपतीपाशी. दुसरा बाप आला. "अकरा वेळा दर्शन घडलं. पोरगा एक दिसला नाही."

"मुडद्या, माणूस बघत असताना पान हलवतात होय? बोट थांबेल तिथं खिळवून ठेव!"

"बरं मावशी."

तिसऱ्या बापाचं बोट थांबलं बावन्न वर्षांच्या बिजवरावर. पान खिळलं. वर जाईना, खाली येईना. बाप चार दिवस तेच टक्कल बघत बसला. बायकोनं घर डोक्यावर घेतलं.

मावशीनं लाटणं उचललं. "एकाच नवऱ्यावर अडकवतोस? तीनपर्यंत मोजायचं आणि आपोआप पुढचा आणायचा!"

"बरं मावशी."

हे मात्र झकास चाललं. मावशी शब्दाला जागली. शेजारगावची अंजना तिनं पिराजीसाठी हेरली. मावशी आणि पिराजी जीपनं तिला बघायला गेले. जीपवाला सुभाना, तोही बिनलग्नाचा, दारातच थांबला.

अंजना पोहे घेऊन आली. पिराजीकडं बघून हसली. तिचा बाप म्हणाला, "पोरगा साधा दिसतोय. आपल्याला पसंत आहे." मावशीनं समाधानानं पदर सावरला.

पिराजी मनात मोजत होता. एक. दोन. तीन.

उठला. सुभानाला दंडाला धरून आत आणला, आपल्या खुर्चीवर बसवला, पोह्यांची बशी त्याच्या हातात दिली.

"हे काय?" बाप म्हणाला.

"पुढचा," पिराजी म्हणाला.

अंजना सुभानाकडं बघत राहिली. तिनं काही मोजलं नाही.

वैशाखात अंजनाचं सुभानाशी लग्न लागलं. अक्षता टाकता टाकता मावशी कपाळ बडवत होती. पिराजी तिच्या कानाला लागला.

"मावशी, या वेळी कुठं म्हणून अडकलं नाही बघा."