राजाचं मीठ कुणी खाल्लं?

“जेवणात मीठ घालायचं नाही आणि जेवण अळणी लागायचं नाही! जमलं तर बक्षीस, नाही जमलं तर कोठडी!”

वेळगडचा राजा तुळाजीराव याने ही दवंडी पिटवली. त्याचे पाय सुजून भोपळे झाले होते, आणि राजवैद्यांनी बजावलं होतं की मीठ सोडा, नाहीतर सिंहासन सोडावं लागेल. राजाने मीठ सोडलं. पण मुकाट्याने सोडेल तर तो राजा कसला! “मी अळणी गिळायचं आणि तुम्ही चवीनं खायचं?” असं ओरडून त्याने वाड्यातलं सगळं मीठ नदीत ओतायला लावलं. वाड्यात मीठ आणणाऱ्याला फटके! दरवाज्यावर पहारेकरी भाजीच्या टोपल्यासुद्धा उपसून बघू लागले.

दरबारी लोक तर काय, राजा शिंकला तरी वाहवा करणारे. रोज अळणी आमटी घशाखाली ढकलायचे आणि माना डोलवायचे. त्यात दिवाण भुजंगराव सगळ्यात पुढे!

आचारी मात्र हकनाक भरडले गेले. त्यांनी काय करावं? तीच आमटी, तीच भाजी, फक्त मीठ वगळून पुढे ठेवायची. राजा वाटी भिरकावायचा आणि आचाऱ्याची रवानगी कोठडीत! शेवटी म्हाताऱ्या संभू आचाऱ्यावर पाळी आली आणि तोही आत गेला.

दुसऱ्याच दिवशी संभूची मुलगी गोजरा दरबारात येऊन उभी राहिली.

“म्हाराज, मी रांधते. जेवण पसंत पडलं तर माझ्या आबाला सोडा.”

दिवाणजी फिसकन हसले. “बापाची अक्कल संपली, आता पोरीची बघायची!”

“बघा की,” गोजरा म्हणाली. “दुसऱ्याचीच बघायची सवय हाय न्हवं तुमाला!”

दिवाणजींचं तोंड एवढंसं झालं. राजाने मिशीला पीळ दिला. “रांध. पण ऐक, फसलीस तर तूही आत, आणि तुझा बाप जन्मात बाहेर यायचा नाही!”

गोजराने पदर खोचला. ती थेट मुदपाकखान्यात शिरली. तिथल्या नोकरांनी तिच्यापुढे नेहमीची तूरडाळ ठेवली.

“ही उचला!” गोजरा म्हणाली. “ मिठाच्या जिवावर उड्या मारनाऱ्या आमट्या तुमच्या. मीठ गेलं की पडल्या उताण्या! आज ज्याला सोताची चव हाय तेवढंच शिजंल.”

तिने टपोरं वांगं निखाऱ्यावर काळं होईस्तोवर भाजलं. त्यातच लसणाचा गड्डा आणि हिरव्या मिरच्या भाजून घेतल्या. सगळं ठेचून वर लिंबू पिळलं, कच्चा कांदा आणि मूठभर कोथिंबीर घातली. आमसुलं भिजवून सार केलं आणि त्याला हिंग-जिऱ्याची अशी चरचरीत फोडणी दिली की बाहेरच्या पहारेकऱ्याला ठसका लागला. जवस आणि तीळ खरपूस भाजून चटणी कुटली. पानात मीठ वाढायच्या जागी ती चटणी ठेवली आणि शेजारी तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकरी.

राजा नाक मुरडतच पाटावर बसला. सवयीने त्याचं बोट मिठाच्या जागेवर गेलं, चटणी जिभेवर टेकली आणि बोट तोंडातच राहिलं! मग भरीत गेलं, भाकरी गेली. साराची वाटी राजाने सरळ तोंडाला लावली. दरबारी लोकांना माना डोलवाव्यात की नाही तेच कळेना, कारण राजा काही बोलतच नव्हता!

“अजून एक भाकरी!” राजा म्हणाला, आणि लगेच त्याचे डोळे बारीक झाले. “थांब! एवढी चव आली कुठून? यात मीठ आहे!”

“आहेच मुळी!” दिवाणजी लागलीच पुढे सरसावले. “मी वासावरून ओळखलं! महाराज, या बापलेकींनी इतकी वर्षं तुमचं मीठ खाल्लं आणि ही अशी बेइमानी! खाल्ल्या मिठाला जागली नाही कार्टी!”

मिठाचा वास येतो हे त्या दिवशी दरबाराला नव्यानेच कळलं. तरी सगळ्यांनी माना डोलवल्या. शिपाई पुढे झाले.

गोजरा जागची हलली नाही. “म्हाराज, दिवाणजींना एवढंच इचारा, ते सोता खाल्ल्या मिठाला जागत्यात का?”

“हा काय प्रश्न झाला?” दिवाणजींनी छाती पुढे काढली. “रोज वाड्यावर जेवतो मी! आज सकाळीही महाराजांचं मीठ खाल्लंय!”

“सकाळी?” गोजराने डोळे मोठे केले. “वाड्यात तर मिठाचा खडा न्हाई! मग दिवाणजींनी मीठ चोरून आनलं का? फटके कुठं द्यायचे त्यांना, हितं का चावडीवर?”

“छे छे! चोरून नाही!” दिवाणजींना घाम फुटला. “म्हणजे... मीठ नव्हतंच! देवाशपथ, कणभरही नव्हतं!”

“मग माझ्या भरतात कुठनं आलं? आन् म्हाराज, त्यांनी तुमचं मीठ खाल्लंच न्हाई म्हनं. जागायचं कशाला? समदा दरबार अळणी जेवतोय. उद्या गडावर शत्रू आला, तर ह्यातला कोन तुमच्यासाठी उभा ऱ्हाईल?”

राजाने दरबाराकडे पाहिलं. आज पहिल्यांदाच एकही मान डोलत नव्हती. राजाच्या मिशा थरथरल्या, पोट हललं आणि तो असा खदखदा हसला की पाट करकरला.

“अरे, उद्यापासून या सगळ्यांना मीठ द्या रे! आणि दिवाणजींना रोज समोर बसवून वाढा, म्हणजे इमान विसरणार नाहीत! आचाऱ्यांना सोडा! मुदपाकखाना आजपासून या पोरीचा, आणि गडाखालचा मळाही!”

संभूला दरबारात आणलं. पोरीला उराशी धरून तो रडला. मग त्याची नजर उरलेल्या भरतावर गेली. त्याने बोटभर चाखलं, चमकून आजूबाजूला पाहिलं आणि तिच्या कानाशी लागला. पण म्हाताऱ्याची कुजबुजही खणखणीत!

“गोजरे, मला तरी खरं सांग. मीठ कुठं लपवून आनलं व्हतंस गं?”

“याला परत कोठडीत टाका!” राजा ओरडला आणि हसून हसून पाटावरून खाली घसरला.